चेंडू एक, पेले दोन

माझा आणि माझ्या मामांचा एक जुना वाद आहे. तो बाळू पालवणकर या गोलंदाजावरून आहे. आमचं आजोळ तंजावूरच्या मराठी देशस्थांपैकी. मामा पोन्मलईच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. रेल्वेच्या संघातून ते डावखुरी फिरकी टाकत, त्यामुळे बाळूंबद्दल बोलताना त्यांचा हात अजूनही आपोआप वळतो. मी पुण्यात क्रीडापत्रकार आहे. या खेपेला तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महालाचं संग्रहालय पाहून आम्ही दरबार हॉलबाहेर बसलो. समोरच्या मोकळ्या जागेत मुलं टेनिस बॉलनं खेळत होती, आणि आमच्या वादाला तेवढं निमित्त पुरलं. तो जसा झाला तसा लिहिते.

मामा : तू तुझ्या लेखात लिहिलंस की क्रिकेटनं बाळूंना वापरून घेतलं. मला ते मान्य नाही. सुरुवात कुठे झाली आणि माणूस कुठे पोचला, ते तर बघ. १८७६ साली धारवाडला चांभाराच्या घरात जन्म. वडील लष्कराच्या नोकरीत, पुण्याला. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या मैदानावर : झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात, चार रुपयांवर. आणि १९११ साली हाच माणूस इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतो, सरासरी १८.८४. हे कुणी त्याला भीक म्हणून दिलं नव्हतं.

मी : भीक नव्हतीच. पण मामा, पूना क्लबात त्यांना बॅट हातात कधी मिळाली? ग्रेगसाहेब इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंनी त्याला तासन्तास चेंडू टाकायचे. बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, असं सांगतात. फलंदाजी साहेबाची आणि गोलंदाजी नोकराची, हा तिथला दंडक. म्हणजे ज्या कामाला घाम लागतो ते काम त्यांच्या वाट्याला आलं.

मामा : आणि त्याच घामातून ते गोलंदाज झाले. ग्रेग काही साधा फलंदाज नव्हता, पुढे हॅम्पशायरकडून खेळला. पायांची हालचाल चपळ, चेंडूवर धावून जाणारा. अशा माणसाला रोज तासन्तास टाकत राहायचं म्हणजे काय, हे मला विचार. टप्पा बोटभर चुकला की चेंडू मैदानाबाहेर. म्हणून तर बाळूंचा टप्पा इतका पक्का झाला. सहज हातानं टाकणार, दिवसभर टाकला तरी थकणार नाहीत, आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवणार. डावखुऱ्या संथ गोलंदाजाला दोन्हीकडे वळवणं जमलं की समोरच्याला पुढे यावं की मागे राहावं हेच कळत नाही. लोक त्यांना हिंदुस्थानचे ऱ्होड्स म्हणायचे, त्या विल्फ्रेड ऱ्होड्सवरून. शाळा नाही, प्रशिक्षक नाही, सगळं त्या नेटमध्ये शिकले.

मी : गोलंदाजीबद्दल मी काहीच म्हणत नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे माझ्यापुढेही आहेत. माझा प्रश्न नेटनंतरचा आहे. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी बाळू हवे होते, पण चांभाराला कसं घ्यायचं, यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांत चहा प्यायचे, आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या पानावर, वेगळं बसून. घाम पुसून तोच चेंडू पुन्हा उचलताना त्या माणसाला काय वाटत असेल?

मामा : तेच तुला सांगतोय. चेंडूला विटाळ नव्हता. आपल्या समाजात तेव्हा अशी किती ठिकाणं होती? विहीर नाही, देऊळ नाही, शाळा नाही. मैदान हे पहिलं. आणि पेल्याचंही टिकलं नाही. साताऱ्याला गोऱ्या जिमखान्याला हरवून संघ परत आला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा सत्कार केला आणि बाकीच्यांना ऐकवलं, की याच्याबरोबर खेळता तर याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? मुंबईला गेल्यावर हिंदू जिमखान्यात हळूहळू एकत्र जेवण सुरू झालं. १९०६ साली युरोपियनांविरुद्धच्या सामन्यात तर शिवरामही संघात होते. बाळूंनी साताऱ्याला ते बळी घेतले नसते तर रानडे कशावरून बोलले असते?

मी : रानड्यांना बोलायला आधी साताऱ्याचे सात बळी लागले.

मामा : लागले. माणसं अशीच बदलतात. आधी गरज पडते, मग सवय होते, मग लाज वाटायला लागते. आणि १९०६चा तो सामना तर आठव. मुंबई जिमखान्याचं मैदान, फेब्रुवारी महिना. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. एकशे नऊ धावांनी विजय. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच जणांना घरी पाठवलं. ज्या मैदानाच्या तंबूत हिंदी माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे साहेबाला हरवलं ते एका चांभारानं आणि त्याच्या भावानं. वर्तमानपत्रांनीही त्या विजयात जातिभेद मोडल्याची गोष्ट पाहिली. एवढी चर्चा त्या वेळी कुठल्या कायद्यानंही घडवली नसती.

मी : मामा, तुम्ही गेल्या वर्षी दादाकडे अमेरिकेत होतात. बेसबॉल पाहिलात ना?

मामा : पाहिला की. त्या क्यूबाच्या चॅपमनचा चेंडू पाहिला. डावखुरा. दिसतच नाही, फक्त मिटमध्ये आदळल्याचा आवाज येतो.

मी : आरोल्डिस चॅपमन. २००९ साली नेदरलँड्समध्ये संघाच्या हॉटेलातून बाहेर पडला आणि क्यूबाला परत गेलाच नाही. सहा महिन्यांत सिनसिनाटी रेड्सनं त्याच्याशी तीन कोटी डॉलर्सहून मोठा करार केला. २०१० साली त्यानं ताशी १६९ किलोमीटरच्या पुढे चेंडू टाकला. पण सिनसिनाटीची आधीची गोष्ट तुम्हाला सांगते, कारण ती आपल्या बाळूंच्याच काळातली आहे. १९०८ साली हाच सिनसिनाटीचा संघ हवानाला खेळायला गेला होता. तिथे होसे मेन्देस नावाचा काळा, किरकोळ अंगाचा पिचर त्यांच्यासमोर उभा राहिला. पहिल्या सामन्यात एकच हिट दिली आणि एकही धाव दिली नाही. त्या संघाविरुद्ध त्यानं लागोपाठ पंचवीस इनिंग धाव होऊ दिली नाही. लोक त्याला ‘काळा हिरा’ म्हणायला लागले. बाळूंनी मुंबईत युरोपियनांना हरवलं त्यानंतर दोनच वर्षांनी.

मामा : मग?

मी : मग काही नाही. मेजर लीगमध्ये काळ्या माणसाला जागाच नव्हती. ज्या संघाला त्यानं नाचवलं त्या संघानं त्याला घेतलं नाही. कुठल्याच संघानं घेतलं नाही. त्याच हवानाचा अडोल्फो लुके रंगानं उजळ होता, त्याला मात्र सिनसिनाटीनं घेतलं. १९२३ साली लुकेनं सिनसिनाटीसाठी २७ सामने जिंकले. मेन्देस त्या वर्षी कॅन्सस सिटी मोनार्क्समध्ये होता, काळ्यांच्या लीगमध्ये. रंगाची ही भिंत १९४७ साली जॅकी रॉबिन्सननं ओलांडली तेव्हा मेन्देसला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. कौशल्यानं दार उघडतं हे खरं असतं, तर १९०८च्या हिवाळ्यातच उघडायला हवं होतं. यापेक्षा स्वच्छ पुरावा तो आणखी काय देणार होता?

मामा (थोडं थांबून) : मोनार्क्समध्ये काय करत होता?

मी : खेळायचा आणि संघ चालवायचाही. १९२० ते १९२६ तो त्यांचा मॅनेजर होता. १९२४ साली काळ्यांच्या लीगची पहिली वर्ल्ड सिरीज झाली. डॉक्टर नको म्हणत असताना शेवटच्या निर्णायक सामन्यात तो स्वतः उभा राहिला आणि एकही धाव न देता जिंकला.

मामा : बघ, तू माझीच बाजू मांडलीस. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगनं दार बंद केलं, म्हणून त्यांना स्वतःची लीग काढावी लागली. आणि तिथे मेन्देस प्रमुख झाला, पण वेगळा राहून. बाळूंना वेगळं राहावं लागलं नाही. ते हिंदूंच्याच संघात, ब्राह्मणांच्या बरोबर, त्याच पोशाखात खेळले. अमेरिकेला जे १९४७पर्यंत जमलं नाही ते पुण्यात १९०० सालाच्या आधी झालं.

मी : पण मेन्देस त्याच्या वेगळ्या लीगमध्ये संघाचा प्रमुख होता. बाळू एकत्र संघात वर्षानुवर्षं सगळ्यात मोठे गोलंदाज होते आणि हिंदू संघाचे कर्णधार एकदाही झाले नाहीत. मामा, मला खुपतं ते हे. मैदानात घेतलं, पण निर्णय त्यांच्या हातात कधी दिला नाही. क्षेत्ररक्षण कसं लावायचं, गोलंदाजी कुणाला द्यायची, हे ठरवणारा माणूस चांभार असणं कुणाला सहन होत नव्हतं. १९११च्या दौऱ्यात तरी काय वेगळं होतं? कर्णधार कोण, तर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय एकोणीस. ते इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या आणि दरबारांच्या गडबडीत, संघाबरोबर फार थोडे दिवस. पस्तिशीतले बाळू दुखऱ्या खांद्यानं इंग्लंडभर चेंडू टाकत राहिले. तेवीस सामन्यांत सहा विजय, पंधरा हार. त्या सहांमध्ये बाळूंचा हात किती, हे त्यांचे ११४ बळीच सांगतात.

मामा : राजा कर्णधार असणं ही त्या काळची रीत. आपण बसलोय ते ठिकाणही राजाचंच आहे.

मी : म्हणून तर इथे बसून बोलायला हवं. इथल्या मोठ्या देवळाच्या आवारात सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठीत कोरलेला एवढा मोठा लेख दुसरीकडे शोधून सापडायचा नाही. तुम्ही मला लहानपणी बोटानं एकेक ओळ दाखवली होती. पण बाळूंसारखा मराठी बोलणारा चांभार १९०० साली तंजावूरला आला असता तर त्याला ती भिंत पाहता आली असती? देवळाचं दार त्याला बंद होतं. त्याच्याच भाषेतला लेख, आणि तो वाचायला जायची मनाई.

मामा : नसती पाहता आली. हे खरं आहे. १९३९ साली उघडलं. मदुराईत वैद्यनाथ अय्यरांनी मीनाक्षी मंदिरात हरिजनांना नेलं, त्यानंतर आपल्या राजांनी मोठं देऊळ आणि त्यांच्या अखत्यारीतली नव्वदच्या आसपास देवळं सगळ्यांसाठी खुली केली. माझे वडील सांगायचे, गावात किती खळबळ झाली होती. पण उघडली ती राजानं, स्वतः होऊन. कुणी मोर्चा नेला नव्हता त्यांच्या दारावर.

मी : राजाजींच्या सरकारनं कायदा करून विश्वस्तांना संरक्षण दिलं होतं, हेही सांगा. आणि त्यामागे वीस वर्षांची चळवळ होती, इथे पेरियार होते, मुंबईत आंबेडकर होते. राजांचं मन चांगलं होतं यात शंका नाही, पण चांगल्या मनाला १८०३पासून एकशे छत्तीस वर्षं लागली. आणि तुमच्या तंजावूरच्या खेड्यांत चहाच्या टपरीवर दोन पेल्यांची पद्धत त्यानंतरही किती वर्षं चालू होती? वेगळ्या पेल्यावरून इथे कालपरवापर्यंत आंदोलनं झाली आहेत. पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेरचं मातीचं भांडं आणि इथला टपरीवरचा वेगळा पेला, मला दोन्हींत फरक दिसत नाही.

मामा : टपरीवाल्याला कुणाच्या बळींची गरज नव्हती. म्हणून तिथे टिकलं. माझं म्हणणं इतकंच, जिथे गरज होती तिथे मोडलं.

मी : मग कर्णधारपद कसं मोडलं ते बघू. १९१०च्या सुमारापासून लोक मागणी करत होते, बाळूंना कर्णधार करा. १९१३ साली कर्णधार एम. डी. पै यांनी सत्कारात जाहीर सांगितलं, हा मान माझे वडीलधारे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पै सारस्वत ब्राह्मण. त्यांचा मोठेपणा मी मानते. तरीही निवड समितीनं ऐकलं नाही. बाळू बळी घेत राहिले, दरवर्षी, आणि दरवर्षी दुसरा कुणी कर्णधार. तुमच्या हिशोबानं दहा वर्षं गरज होती आणि दहा वर्षं काही मोडलं नाही. मोडलं कधी? १९२० साली पै आजारी पडले आणि कर्णधारपद तरुण देवधरांना दिलं, तेव्हा. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी सरळ सांगितलं, आम्ही खेळणार नाही. आणि कारण लपवलं नाही. जाहीर पत्रकात लिहिलं की आमची जात आडवी येते. काही दिवसांतच समेट झाला. पै परत कर्णधार आले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ मैदानावर उतरले. गोलंदाजीनं दहा वर्षांत जे झालं नाही ते नकारानं काही दिवसांत झालं.

मामा : आणि तो नकार कुणाचा होता? हिंदू संघाचे दोन उत्तम फलंदाज बाजूला झाले म्हणून समिती हलली. पालवणकर बंधू खेळायला आले नाहीत तर सामना हरतो, हे समितीला ठाऊक होतं. रस्त्यावर जोडे शिवणाऱ्या माणसानं सांगितलं असतं, मी तुमचे जोडे शिवणार नाही, तर कोण ऐकणार होतं? त्याच्या जागी दुसरा आणला असता. भावांच्या नकाराला वजन होतं, कारण त्यामागे वीस वर्षांची बाळूंची गोलंदाजी उभी होती. तू ती गोलंदाजी वेगळी काढून ठेवू शकत नाहीस.

या ठिकाणी मला उत्तर सुचलं नाही, आणि मामांच्या मुद्द्याचं वजन मी इथे कमी करणार नाही. अंगात कसब नसेल तर नकाराला किंमत येत नाही. पण पुढे त्यांनी जे म्हटलं त्यावर मात्र मी गप्प बसले नाही.

मामा : म्हणूनच १९३२ साली बाळू गांधींच्या बाजूला उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे, आपल्या मद्रासच्या एम. सी. राजांची आहे, आंबेडकरांचीही आहे. पण बाळूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं की माणसं बदलतात. ज्यांनी मातीच्या भांड्यात चहा दिला तेच पुढे शेजारी बसून जेवले. अनुभवातून बोलत होते ते.

मी : त्यांचा अनुभव त्यांचा होता, आणि त्याचा मला आदर आहे. पण तो एका अलौकिक गोलंदाजाचा अनुभव होता. आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचा केवढा अभिमान होता! तरीही दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, कारण आंबेडकर विचारत होते तो प्रश्न दुसरा होता. ज्याला चेंडू वळवता येत नाही त्याचं काय? ज्याच्या हातात काही विशेष नाही, जो फक्त माणूस आहे, त्याला पेला कधी मिळणार? माणूसपणासाठी ११४ बळींची अट असेल तर ती अट पुरी करणारे किती निघतील? १९३७ साली मुंबईच्या विधानसभेसाठी काँग्रेसनं बाळूंना आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. मतं थोडीथोडकी नव्हती. बाळूंना मानणारे हजारो होते. पण लोकांनी निवडलं ते हक्क मागणाऱ्याला.

मामा : दोन हजारांचा फरक. तो काही फार नाही.

मी : फार नाही. पण मी त्या दोन हजारांच्या बाजूची आहे.

मामा हसले नाहीत. त्यांनी समोर खेळणाऱ्या मुलांतल्या एका डावखुऱ्या पोराकडे बोट केलं आणि म्हणाले, याचा खांदा लवकर उघडतो, सांगायला हवं. मग तमिळमध्ये त्याला हाक मारून त्यांनी ते सांगितलंही. मामांचा खेळावर विश्वास आहे तो असा, हातानं दाखवता येण्याजोगा. मला तो खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. मेन्देसला २००६ साली, जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षं झाल्यावर, अमेरिकेच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खेळाला अशी उशिरा केलेली भरपाई सोपी जाते, कारण तिच्यात कुणाला आपली जागा सोडावी लागत नाही. १९२०च्या त्या समितीला जागा सोडावी लागली, आणि ती तिनं स्वतः होऊन सोडली नाही.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि युरोपियन, पारशी आणि मुसलमान संघांबरोबरचे त्या वर्षीचे चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले. बाळू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत निघालं. भावांनी खेळायचं का नाकारलं, हे समजून घ्यायचं असेल तर वाचकांनी ते मिळवून वाचावं, आणि आपल्या गावच्या वाचनालयात नसेल तर मागावं.